किसनच्या दारातली जीप

पिंपरी-चिंचवडला कुणी पाहायला म्हणून जात नाही. पुण्याहून मुंबईकडे निघालेली माणसं आगगाडीच्या खिडकीतून या भागाकडे एकदा बघतात. माळरान, बाभळी, मध्येच एखादं नवं धुरांडं. मग पुन्हा वर्तमानपत्र उघडतात. मी तिथे आठ दिवस होतो आणि त्यातले तीन दिवस चाकणच्या पलीकडच्या एका वाडीत काढले. परत आल्यावर शाळेतल्या मंडळींनी विचारलं, "काय काय पाहिलंत?" मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे सवडीनं लिहायला बसलो आहे.

मला तिकडे बोलावलं ते वहिनीनं. तिचं पत्र चार ओळींचं होतं. "तुमचे भाऊ जेवतात, झोपतात, पण हत्याराला हात लावत नाहीत. तीन महिने झाले. मी विचारलं तर उठून बाहेर जातात. शाळेतून रजा मिळाली तर या."

काय झालं होतं ते मला आधीच्या पत्रावरून ठाऊक होतं. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, लढाईच्या वर्षांत फौजेत मोटार दुरुस्तीच्या तुकडीत होता. तिथे त्याला किसन भेटला, चाकणकडच्या एका शेतकऱ्याचा मुलगा. लढाई संपल्यावर दादा कोकणात परतला नाही. त्यानं आणि किसननं लष्करी डिस्पोझलच्या लिलावातून एक जुनी जीप घेतली आणि पिंपरीला बिऱ्हाड केलं. त्या दिवसांत विहिरींवर नवी नवी तेलाची इंजिनं बसत होती आणि ती बिघडली की गावात कुणाला काही कळत नसे. हे दोघं जीपमध्ये हत्यारं टाकून वाड्यावाड्यांना जायचे आणि इंजिनं दुरुस्त करायचे. सात वर्षं त्यांचं असं चाललं होतं.

दिवाळीनंतर किसनच्याच घरचं इंजिन बंद पडलं. त्याचं जड लोखंडी चाक पिंपरीला आणून दुरुस्त केलं आणि दोघं ते परत घेऊन गेले. किसनच्या दारात चढण आहे. दादानं जीप चढणीवर, तोंड वर करून उभी केली आणि हातब्रेक ओढला. बॅटरी कमजोर होती, इंजिन बंद केलं तर पुन्हा लागेल याची खात्री नव्हती, म्हणून ते चालूच ठेवलं. चालू इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवता येत नाही. दादा विहिरीकडे गेला. किसन मागे उभा राहून चाक उतरवू लागला. जीप चार-पाच हात मागे सरकली. मागे गोठ्याची दगडी भिंत होती.

पिंपरी

पहिली फजिती माझीच झाली. पुण्यानंतर मला डुलकी लागली आणि पिंपरी निघून गेली. चिंचवडला उतरून वळकटी डोक्यावर घेऊन रुळांच्या कडेनं मागे चालत आलो. माघाचं ऊन होतं. आमच्याकडे दोन घरांच्या मध्ये माड असतात, पोफळी असतात, दगडांचा गडगा असतो. इथे काहीच मध्ये नाही. दोन मैलांवरचा माणूस येताना दिसतो आणि तो जवळ येईपर्यंत त्याच्याकडे बघत राहावं लागतं. वहिनीनं मला असंच लांबून पाहिलं होतं, कारण मी पोचलो तेव्हा पाण्याची बादली आणि तांब्या दारात ठेवलेला होता.

दादा खाटेवर बसला होता. तो बारीक झाला होता. मी पाया पडलो. तो म्हणाला, "बाळू, आलास. घरी सगळी बरी आहेत ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत तो बोलला नाही.

वहिनीनं जेवताना मला भात वाढला, स्वतःला भाकरी घेतली. म्हणाली, "भाऊजी, तुमच्यासाठी मुद्दाम लावला. हे आता भाकरीचेच झालेत." दादानं भाताकडे पाहिलंसुद्धा नाही. लहानपणी ज्याला भाताशिवाय घास उतरत नसे, तो हाच.

जेवण झाल्यावर वहिनीनं मला निरोप सांगितला. किसनच्या वडिलांनी, आबांनी, चाकणच्या बाजारात भेटलेल्या माणसाबरोबर तो पाठवला होता. गाडी अजून दारात उभी आहे. सुनेला ती बघवत नाही. घेऊन जा.

मी दादाला म्हटलं, "जाऊ या आपण."

"तू घेऊन ये."

"मला गाडी चालवता येत नाही, दादा."

"मग राहू दे तिथे."

दादाच्या खोल्यांच्या मागेच सिंधी निर्वासितांची छावणी आहे. फाळणीनंतर आलेली ही माणसं लष्कराच्या जुन्या बराकींत राहतात. एका बराकीत दहा-बारा कुटुंबं, मध्ये पोत्याचे पडदे. स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली तरी पडदे आहेतच, फक्त काहींनी त्यांना किनार शिवली आहे. परूमल नावाचे एक म्हातारे गृहस्थ दादाकडे रोज येऊन बसत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आपल्या घरी नेलं. त्यांच्यात पाहुण्याला आधी भाजलेला पापड आणि पाणी देतात. आम्ही गूळ-पाणी देतो, हे सांगितल्यावर ते म्हणाले, "गूळ गोड. पापड खारा. आम्ही खारा देतो." एवढंच बोलून ते हसले.

संध्याकाळी ते दादाच्या खाटेवर येऊन बसले. त्यांचं मराठी मोडकं होतं, पण अडत नव्हतं.

"दादाभाई, तिकडे माझं घर होतं. निघालो तेव्हा दाराला कुलूप लावलं. चावी अजून माझ्याकडे आहे. रोज मनात जातो, कुलूप बघतो, परत येतो. मला तिकडे जाता येत नाही. मधे सरहद्द आहे." त्यांनी दादाकडे पाहिलं. "तुझ्या मधे काय आहे? चाकण. तू जा."

सकाळी मी उठलो तेव्हा तो अंगणात उकिडवा बसून हत्यारांच्या पिशवीतले पाने एकेक पुसत होता. वहिनी दारात उभी होती. तिनं मला हातानंच खूण केली, बोलू नका.

भोसरी, मोशी, चाकण

पिंपरीहून भोसरीपर्यंत आम्ही चालत गेलो, कारण नाशिक रस्त्याची एस.टी. तिथे मिळते. पिशवी जड होती, आळीपाळीनं घेतली. पिंपरी सोडताना डाव्या हाताला औषधाचा नवा सरकारी कारखाना दिसतो. आत जाणाऱ्यांची रांग होती. त्यात सोलापूरचे, नगरचे, साताऱ्याचे, आमच्या रत्नागिरीचेसुद्धा लोक होते. बोलण्यावरून ओळखू येत होते. दादा म्हणाला, "किसनला इथे लावून घेणार होते. तो म्हणाला, माझ्या दादाबरोबरच बरा आहे मी." मी आल्यावरची विचारपूस सोडली तर हे त्यानं आपण होऊन बोललेलं पहिलं वाक्य.

मोशीनंतर इंद्रायणी ओलांडली. पात्रात पाणी कमी होतं, बायका धुणं धूत होत्या. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कांदा सुरू झाला. हिरव्या पातीचे वाफे, वाफ्यांत पाणी, पाण्यात आभाळ. शेतात एवढा कांदा मी कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे कांदा पोत्यातून येतो, तो जमिनीत कसा दिसतो हे आमच्या मुलांना पुस्तकातही सापडत नाही.

चाकणला उतरून चहा घेतला. गुळाचा, आणि इतका उकळलेला की बशीला डाग पडला. चहावाल्यानं दादाला ओळखलं. "कवाधरनं दिसला न्हाई, मिस्त्री," तो म्हणाला आणि मग त्याला काहीतरी आठवलं असावं. त्यानं कप उचलले आणि आत गेला.

तिथून वाडी पाच-सहा मैल, डोंगराच्या पायथ्याशी. बाजाराहून परतणारी एक बैलगाडी मिळाली. वाडीचं नाव मी लिहीत नाही. त्या घरच्यांना ते आवडणार नाही असं वाटतं.

वाडी, पहिला दिवस

घर बुटकं, कौलारू. पुढे चढण, बाजूला गोठा. चढणीवर जीप उभी होती. सुनेला दिसू नये म्हणून आबांनी गोणपाटं एकमेकांना शिवून तिच्यावर टाकली होती. त्यामुळे ती जास्तच दिसत होती. त्या दिवशी लोकांनी ती भिंतीपासून पुढे ढकलून चारही चाकांना दगड लावले होते, ते तसेच होते.

आबा बाहेर आले. सत्तरीचा माणूस, हातात काठी, डोळ्याला कमी दिसत असावं. दादानं वाकून पायांवर डोकं ठेवलं. आबांनी त्याला उठवलं नाही आणि पायही मागे घेतले नाहीत. मग म्हणाले, "बस. पानी पी."

किसनची बायको हौसा. तिनं पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली. वय तिशीचं असेल. आमच्याकडे असं काही झालं की बायका पाहुण्यासमोर रडतात, तीच रीत आहे. पाहुण्यालाही रडावं लागतं, मग दोन्हीकडचं थोडं हलकं होतं. इथे कुणी रडलं नाही. मी आणलेली आमसुलं आबांच्या हातात दिली. त्यांनी एक तोंडात टाकलं. "चिच हाय का ही?" त्यांनी विचारलं. मी समजावून सांगितलं. त्यांनी पुडी जपून कोनाड्यात ठेवली.

गोणपाट काढलं. आतून दोन कोंबड्या फडफडत बाहेर पडल्या. मागच्या सीटवर पेंढा जमा झाला होता आणि त्यात तीन अंडी होती. आबांनी ती धोतराच्या सोग्यात घेतली. हवा गेलेली चाकं, मडगार्डावर कोंबड्यांची घाण. जीपच्या मागे थोड्या अंतरावर गवतात ते इंजिनाचं लोखंडी चाक पडलं होतं. पडलं त्या जागेवरून कुणी हलवलेलं नव्हतं.

दादानं पिशवी उघडली आणि पाठीवर गाडीखाली सरकला.

या जीपचा हातब्रेक चाकांवर नसतो, हे मला तेव्हाच कळलं. गाडीखाली मधोमध गिअरची पेटी असते. मागच्या चाकांना फिरवणारा दांडा तिच्यातून बाहेर पडतो, तिथेच एक लोखंडी ड्रम असतो. त्या ड्रमभोवती एक पट्टा, पट्ट्याला आतून लायनर, म्हणजे ड्रमला घट्ट धरणारं अस्तर. बसणाऱ्यानं समोरची मूठ ओढली की तार ताणते आणि पट्टा ड्रमला आवळतो. एवढंच ते यंत्र. दादा गाडीखालून मला एकेक गोष्ट सांगत होता, लहानपणी गणित शिकवायचा तशी. मी बाजूला बसून पाने देत होतो. चुकीचा पाना दिला की तो परत करायचा, रागवायचा नाही. त्याच्या तोंडून इतके शब्द निघत होते की मला बरं वाटू लागलं होतं.

मग त्याचं पाने मागणं थांबलं. मी वाकून पाहिलं. त्यानं पट्टा सोडवून छातीवर घेतला होता. लायनर काळं, ओलं, तेलानं चिंब. बोट दाबलं की तेल वर येत होतं.

तो बाहेर आला आणि चाकाला टेकून बसला. म्हणाला, "पेटीतलं तेल अडवणारं सील गळतंय. तेल सगळं पट्ट्यावर. असा पट्टा काय धरणार?"

"तुला माहीत नव्हतं?"

"होतं." त्यानं हात पुसले. "गणपतीपासून माहीत होतं. नवं सील आणून ठेवलं होतं घरी. आता या पिशवीत आहे. ते टाकायचं तर मागचा दांडा उतरवावा लागतो, गाडी दीड-दोन दिवस उभी राहते. रोज कुणाचं ना कुणाचं इंजिन अडलेलं. ब्रेक ढिला झाला की मी नट एक आटा आवळायचो. परत ढिला झाला की परत एक आटा. हे बघ." त्यानं मला बोल्ट दाखवला. नट शेवटपर्यंत पोचला होता. पुढे आवळायला आटाच शिल्लक नव्हता.

मी त्याला जे सांगितलं ते लिहायला आज मला लाज वाटते. मी म्हटलं, "हे घरात बोलू नकोस. ती माणसं दैवावर टाकून मोकळी झाली आहेत. त्यांना कशाला सांगायचं?"

अंधार पडायच्या आत त्यानं दांडा उतरवला. रात्री आबांनी आम्हाला बाहेरच ताटं आणून दिली. बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, मेथीची पातळ भाजी. मला चटणीनं ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं. आबांनी स्वतः उठून ताक आणलं. दादानं अर्धी भाकरी खाल्ली.

दुसरा दिवस

सकाळी आबा अंगणात तंबाखू मळत होते. हौसा शेणाचं घमेलं घेऊन गोठ्याकडे निघाली होती. दादा उठून उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, हौसावहिनी, ऐका जरा."

त्यानं सगळं सांगितलं. सील, तेल, नट. एकही गोष्ट गाळली नाही, आणि आपल्या बाजूनंही काही जोडलं नाही. पंचनाम्यात लिहिलंय की गाडी अचानक सरकली, ते खरं नाही, असंही म्हणाला. "ती सरकणारच होती. कधीतरी. मला ठाऊक होतं."

आबांचा मळणारा अंगठा थांबला होता. त्यांनी विचारलं, "किसनला ठावं हुतं?"

"होतं. तो म्हणायचा, दादा, एकदा सील टाकून घेऊ. मी म्हणायचो, या खेपेला नको."

हौसा तशीच उभी होती. मग घमेलं घेऊन गोठ्यात गेली. आतून शेण टाकल्याचा आवाज आला, मग बादलीचा. ती तिचं काम करत राहिली. आबांनी मळलेली तंबाखू तोंडात घातली नाही, टाकून दिली, आणि काठी टेकत शेताकडे गेले.

अंगणात आम्ही दोघंच उरलो. दादा पुन्हा गाडीखाली गेला. त्या दिवशी त्यानं जसं काम केलं तसं मी कुणालाच करताना पाहिलेलं नाही. जुनं सील काढलं, जागा रॉकेलनं धुतली, कापडानं कोरडी केली, नवं सील लाकडाच्या तुकड्यावर हलके ठोकून बसवलं. पट्ट्याचं जुनं लायनर सोडवून पिशवीतलं नवं लावलं, तांब्याचे रिबिट मी धरले आणि त्यानं ठोकले. माझ्या अंगठ्यावर एक हातोडी बसली आणि नख काळं पडलं. दांडा चढवला. मग पट्टा आवळून, नट एक फेरा मागे सोडून, ड्रम आणि लायनर यांच्यात पत्र्याची पातळ पट्टी सरकवून सगळीकडून अंतर सारखं आहे का ते बघितलं. चार वेळा बघितलं. चाकांत हवा भरायला तासभर गेला, पंप मी मारला.

उन्हं कलली होती. दादा म्हणाला, "आत बस. पायाचा ब्रेक दाबून धर."

मी बसलो. त्यानं हातब्रेकची मूठ माझ्याकडून ओढवून घेतली. गाडी गिअरमध्ये नव्हती. मग त्यानं चाकांचे दगड एकेक करून काढले आणि लांब टाकले. मला वाटलं तो बाजूला येईल. तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला, भिंतीला पाठ लावून.

"पाय काढ," तो म्हणाला.

"आधी बाजूला हो."

"बाळू, पाय काढ."

मी आरशातून त्याच्याकडे पाहत होतो. त्याचा चेहरा शांत होता आणि त्याचीच मला भीती वाटली. मी दुसराही पाय ब्रेकवर ठेवला. "दादा, मी काढणार नाही," एवढं म्हणालो.

हौसा गोठ्याच्या दारात कधी आली ते कळलं नाही. ती मोठ्यानं बोलली नाही.

"बाजूला व्हा."

दादा हलला नाही.

"माज्या दारात आनखी एक मढं नको मला. एकाचं रगत म्या हातानं धुतलंय ह्या भितीवरचं. तुमचं कोन धुनार? बाजूला व्हा तितनं."

दादा बाजूला झाला. चालता येत नसल्यासारखा दोन पावलं सरकला आणि खाली बसला. मी पाय काढला. जीप चढणीवर जागच्या जागी राहिली. बोटभरही हलली नाही.

हौसा गाडीकडे पाहत होती. मग तिनं दादाला विचारलं, "किती येळ लागला ह्या कामाला?"

"दीड दिवस."

"दीड दिस," ती म्हणाली.

मला त्या क्षणी तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. कुणी ओरडलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर सोसलं असतं. दादा मान खाली घालून मातीकडे बघत होता.

"सकाळी सांगितलंत त्ये मला कळलं," हौसा पुढे म्हणाली. "आजवर द्येवाला बोलत हुते. आता तुमाला बोलावं लागंल. त्यो भार तुमी मला दिलात. पर न्हाई सांगितलं असतं तर ह्याच्यापरीस वंगाळ झालं असतं." तिनं विहिरीकडे पाहिलं. "मालक तुमाला घिऊन आलं हुतं त्ये हिरीवरच्या इंजनासाठी. तीन म्हैनं आबा भाड्याच्या बैलांवर मोट चालवत्यात. निम्मा कांदा वाळला. ज्या कामाला आलात त्येवडं तरी पुरं करून जावा."

तिसरा दिवस

इंजिनाचं चाक गवतातून उचलायचं होतं. आम्हा दोघांना ते पेलेना. आबा आले, काठी भिंतीला लावली आणि त्यांनीही हात घातला. चाकाखालची माती ओली होती, त्यात पिवळे पडलेले गवताचे कोंब होते. तिघांनी मिळून ते विहिरीपर्यंत नेलं. वाटेत तीनदा टेकवलं. एकदा टेकवल्यावर आबा त्या लोखंडावर हात ठेवून उभे राहिले. "फौजेतनं आला तवा म्हनला, आबा, बैलांची मोट आता बंद करू," असं म्हणाले. मग पुन्हा वाकले.

दुपारपर्यंत चाक बसलं, पट्टा चढला. दादानं हँडल मारलं. दोनदा नुसता धूर आला, तिसऱ्यांदा इंजिन धरलं. पंपातून आधी गढूळ पाणी आलं, मग स्वच्छ. ते पाटातून पळत कांद्याकडे गेलं. हौसा खोरं घेऊन वाफ्यांच्या तोंडाशी उभी होती. एक वाफा भरला की ती माती ओढून पाणी पुढच्यात सोडायची. वाळलेल्या वाफ्यांतही तिनं पाणी सोडलं, आबा नको म्हणाले तरी. इंजिनाच्या आवाजात कुणाला बोलावं लागलं नाही. मला ते बरं वाटलं.

आमच्याकडे निघताना माणसं वेशीपर्यंत पोचवायला येतात. इथे आबा चढणीच्या टोकापर्यंत आले. हौसा आली नाही. आबांनी फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या माझ्या मांडीवर ठेवल्या आणि त्या कुणी केल्या हे सांगितलं नाही. दादानं हँडल मारून मारून जीप सुरू केली. तीन महिन्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवत होता. चाकणनंतर मोठ्या रस्त्यावरही तो बैलगाडीच्या वेगानं गेला. मागच्या गाड्या भोंगे वाजवत पुढे निघून जात होत्या. मोशीच्या पुलाअलीकडे त्यानं गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला, उतरून मागच्या चाकाला दगडही लावला, आणि मग नदीकडे तोंड करून रडला. मी गाडीतच बसून राहिलो. वीस मिनिटांनी आला, दगड काढला, आणि आम्ही पिंपरीला गेलो.

वहिनीनं जीपचा आवाज ओळखला होता. ती दारात होती. तिनं दादासमोर गरम पाणी ठेवलं.

परतल्यावर

रजा संपली आणि मी कोकणात आलो. त्याला आता दीड वर्ष झालं. दादा पत्र लिहिणाऱ्यातला नाही, वहिनीच कळवते. तिच्या पत्रांतून समजायचं की तो पुन्हा कामाला लागला आहे, एकटाच जातो, आणि महिन्यातून एकदा त्या वाडीला जाऊन इंजिन बघून येतो. आबा त्याच्याशी बोलतात. हौसा बोलत नाही, पण तो काम करत असताना शेजारी येऊन उभी राहते. मग ती विचारू लागली. ही नळी कशाची, हे तेल कुठे घालायचं, पट्टा सुटला तर काय करायचं. दादा सांगायचा. पुढे पुढे पाना तिच्या हातात आणि तो नुसता बघणारा.

गेल्या महिन्यात मात्र दादाचं स्वतःचं पत्र आलं. एका कार्डावर, मोठ्या अक्षरात. ते इथे तसंच देतो.

"बाळूस आशीर्वाद. हौसाला इंजिनाचं सगळं काम येऊ लागलं आहे. परवा तिनं माझ्यासमोर पूर्ण उघडलं, साफ केलं, जोडलं, आणि पहिल्या हँडलला सुरू केलं. मला कुठेही हात लावावा लागला नाही. मग म्हणाली, आता येऊ नका. मालक मला रोज आठवतात, तुम्हाला बघितलं की दोनदा आठवतात. मी बरं म्हटलं. हत्यारं पुसली, पिशवी भरली आणि आलो. आता तिकडे जाणं नाही. तुमच्याकडे पाऊस कसा आहे?"